खारट सूपचा भाग

७ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणाले, घशातला तुकडा तपासायला काढलाय, तेव्हा निकाल येईपर्यंत बोलू नका. कुजबुजू तर मुळीच नका, त्यानं जास्त ताण पडतो. काय सांगायचं ते लिहून सांगा.

लिहून सांगायला घरात माणूस कोण? धाकटी बहीण अराक्सी दोन गल्ल्या पलीकडे राहते. ती दिवसातून एकदा डबा घेऊन येते आणि माझ्या वाटणीचंही बोलून जाते. आज येताना ही वही घेऊन आली. म्हणाली, "तुला गप्प बसायची सवय नाही बेद्रोस, पोट फुगेल. यात लिही."

मी गप्प बसणारा माणूस नाही, हे अर्धंच खरं. स्टुडिओत मी अखंड बोललो. गाढवं, राजे, टोस्टर, खलनायक, बोलके बूट, सगळ्यांचं बोललो. घरी आल्यावर मात्र गरम पाणी, मध आणि तोंडाला कुलूप. गळा हे आमचं दुकान, ते रात्री बंद ठेवावंच लागतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

निकाल आला. स्वरयंत्र सगळं काढावं लागणार. गळ्याला भोक पाडणार आणि श्वास तिथून घ्यायचा. तीस तारीख दिली आहे.

डॉक्टर भला माणूस आहे, डोळ्यांत बघून सांगतो. माझा आवाज बसका लागत होता तेव्हाच यायला हवं होतं, असंही त्यानं सांगितलं. बसका आवाज! अहो, त्या बसक्या आवाजावर मला कामं मिळत होती.

तोवर बोललात तर चालेल, म्हणाला. पण थोडं, आणि जपून.

संध्याकाळी शुशान सॅक्रामेंटोहून गाडी चालवत आली. शाळेतून रजा काढली आहे. मी नको म्हटलं होतं. तिच्या नवऱ्याला एकटं सोडून यायचं कारण काय? ती दारात उभी राहिली तेव्हा चेहरा पांढराफटक होता. घाटातली वळणं लागली असणार. मी कॉफी चढवली, तर नाकाला रुमाल लावून मागच्या अंगणात गेली. लहानपणी माझ्या कपातली चोरून प्यायची ती हीच मुलगी.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

शुशानने एक युक्ती शोधून आणली आहे. फोनवर वाक्यं येतात, ती मी मोठ्यानं वाचायची. पुरेशी वाचून झाली की यंत्राला माझा आवाज कळतो, आणि पुढे मी जे टाइप करेन ते यंत्र माझ्या आवाजात बोलतं. शस्त्रक्रियेआधीच करून ठेवायचं. माझ्या मुलीचं डोकं चालतं, आईवर गेली आहे. (तिची आई ऑरेगनमध्ये असते, दुसऱ्या नवऱ्याबरोबर. तिनं फुलं पाठवली.)

वाक्यं भलतीच आहेत. ‘आज नदीकाठी धुकं आहे.’ ‘माझ्या भावाला हिरवी छत्री हवी होती.’ मला भाऊ नाही. मी कंटाळून एक वाक्य म्हाताऱ्या दर्यावर्द्याच्या आवाजात वाचलं, दुसरं बर्बलच्या, म्हणजे माझ्या जुन्या कार्टूनमधल्या यंत्राच्या. शुशान हसली नाही.

"तुमच्या आवाजात वाचा ना, बाबा."

"हे सगळे माझेच आहेत."

"तुमचा स्वतःचा."

मी प्रयत्न केला. कसा लावायचा तेच सापडेना. मग नुसतंच वाचलं, तर यंत्र म्हणे, ‘आवाज स्पष्ट नाही, पुन्हा वाचा.’

थोड्या वेळानं ती म्हणाली की ही वाक्यं राहू देत, त्यापेक्षा आजीची ती गाढवाची गोष्ट सांगा. आपल्या आर्मेनियनमध्ये, जशी आजी सांगायची तशी. ती साध्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवते म्हणाली. गोष्ट अशी, की फ्रेस्नोच्या मळ्यातलं आमचं गाढव कालवा ओलांडायला तयार नसतं आणि अख्खं घरदार त्याची समजूत काढतं. ती मी शुशानला एकदाच सांगितली होती, सहा वर्षांची असताना, ताप आला होता तेव्हा. तिला आठवते याचं मला नवल वाटलं.

सांगतो म्हणालो. पण चांगली सांगायची तर ताकद लागते, त्यात आजी आहे, गाढव आहे, पाद्री आहे. या पंचवीस तारखेचा मेळावा होऊ दे, मग निवांत बसू.

"आज थोडी तरी?"

"अर्धवट सांगू नये."

ती बरं म्हणाली आणि दुपारभर झोपली. हल्ली फार झोपते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मेळाव्याचं लिहायचं राहिलं. ‘उशिराची फेरी’ या मालिकेचे चाहते दरवर्षी जमतात, यंदा इथेच, बरबँकच्या एका हॉटेलात. तुल्साची लोर्ना पिकेट हे सगळं जमवते. गेली कित्येक वर्षं बोलवत होती आणि मी टाळत होतो. कार्टूनच्या आवाजाला चेहरा नसावा असं माझं मत.

मालिकेत एक भंगार अवकाशयान आहे, ग्रहाग्रहांवर प्रवासी सोडणारं, आणि त्यात सूप करणारं जुनं यंत्र आहे, बर्बल. तो मी. सूप दरवेळी खारट करायचं आणि वर विचारायचं, "मीठ कमी आहे का?" तीन वर्षं चाललं नि बंद झालं. मी पुढच्या कामाला लागलो. मला वाटलं विसरले लोक.

लोर्नानं माझ्या आजाराचं कळल्यावर एक पुडकंच पाठवलं, म्हणजे फोनवर. लोक मालिका बघताना स्वतःचीच चित्रफीत काढतात म्हणे, आणि ती इतर लोक बघतात. सगळे एकच भाग बघतायत. बर्बल बिघडतो, म्हणून खलाशी त्याला कारखान्याच्या ग्रहावर नेतात, आणि तिथे त्याच्यासारखी हजारो यंत्रं रांगेत उभी, सगळी नवी, चकचकीत, एका तोंडवळ्याची. गर्दीत बर्बल मिसळून जातो. आता आपला कोणता? मग खलाशी एकेकाचं सूप चाखत सुटतात. सगळी सूपं अप्रतिम. संध्याकाळ होते, पोटं फुगतात, कप्तान ओकतो. आणि एका घोटाला तोंड वाकडं करून तो म्हणतो, "हाच."

एवढंच. आम्ही ते एका दुपारी उरकलं होतं.

एक दाढीवाला ट्रकचालक गाडीच्या आसनावर बसून बघतोय. कप्तान ओकतो तिथे खदखदून हसतो, आणि ‘हाच’ला टोपी डोळ्यांवर ओढतो. दोघी बहिणी सोफ्यावर, एक दुसरीला उशीनं मारते, ‘मला आधी का नाही सांगितलंस’ म्हणून. एक नर्स रडून झाल्यावर कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, मी दत्तक आहे, आणखी काही सांगत नाही.

मी एकामागून एक बघत राहिलो. मला त्यांच्यासाठी काहीतरी करायला हवं. शुशानला हाक मारून म्हटलं, ये, बघ. ती अराक्सीबरोबर स्वयंपाकघरात होती, दोघींचं काही कुजबुजणं चाललं होतं. म्हणाली, नंतर बघते. तिनं तो भाग अजून पाहिलेलाच नाही! अराक्सी तिच्या ताटात दुप्पट डोलमा वाढत होती आणि हिला रागही येत नव्हता.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लोर्नानं मागणी पाठवली. ज्यांना मेळाव्याला येणं जमत नाही अशांसाठी बर्बलच्या आवाजात निरोप. कुणी आजारी, कुणाचा वाढदिवस. सकाळभर तेच केलं. प्रत्येकाचं नाव नीट उच्चारलं.

दुपारी शुशान फोन घेऊन समोर बसली. ‘आज नदीकाठी धुकं आहे.’ पुन्हा वाचा. ‘आज नदीकाठी धुकं आहे.’ पुन्हा वाचा. शेवटी घशातून नुसती हवा यायला लागली. तिनं फोन उलटा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी पाटीवर लिहिलं: उद्या. तिनं मान हलवली. दमली आहे बिचारी.

२५ ऑक्टोबर, शनिवार

काय दिवस गेला! 

हॉटेलचं सभागृह खच्चून भरलेलं. डोक्यावर सूपची भांडी घातलेली माणसं, आजोबांपासून नातवंडांपर्यंत. मी मागच्या रांगेत बसलो, कुणी ओळखलं नाही. दिवे गेले आणि तोच भाग सुरू झाला. प्रत्येक वाक्य अख्खी सभा बर्बलच्या आधी म्हणत होती. कप्तान ओकला तेव्हा तर छत कोसळेल असं वाटलं. आणि ‘हाच’ला अशी शांतता, की शेजारची बाई श्वास ओढते ते ऐकू आलं. मी बघत कुठे होतो? मी त्यांचे चेहरे बघत होतो. स्टुडिओतल्या काचेमागे कधी कुणाचा चेहरा नसतो, एक घड्याळ असतं आणि सँडविच खाणारा तंत्रज्ञ.

मग लोर्नानं माझं नाव पुकारलं. शुशान म्हणाली, "बाबा, नुसता हात हलवा. डॉक्टरांनी काय सांगितलंय?" तिनं माझी बाही धरली होती. मी सोडवून घेतली. एवढी माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत आणि मी हात हलवून खाली बसू?

मंचावर गेलो. छाती भरून श्वास घेतला आणि विचारलं, "मीठ कमी आहे का?"

आवाज लागला. इतक्या दिवसांत लागला नव्हता असा लागला. लोक ओरडले, रडले, ती नर्सही तिथे होती, तिनं मला मिठी मारली. मग लोकांनी आग्रह केला म्हणून मी पुढचाही उतारा म्हटला, आणि कारखान्याच्या मालकाचाही.

परत येताना गाडी शुशान चालवत होती. म्हटलं, आता उद्या गाढव. खरखरत म्हटलं, पण म्हटलं. ती म्हणाली, "उद्या."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

रुग्णालय. पाठीला उशी लावून लिहितो आहे.

रविवारी सकाळी नाश्त्याला बसलो. शुशाननं टेबल आवरून फोन मांडून ठेवला होता, खाली घडी केलेला रुमाल, म्हणजे टकटक येऊ नये. मी लावाश रोटीचा तुकडा तोडला आणि श्वास आत जाईना. घशातून शिट्टीसारखा आवाज निघायला लागला. मला वाटलं ठसका आहे. मग शुशानचा चेहरा दिसला आणि कळलं की ठसका नाही. पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं, रुग्णवाहिकेचं छत, एका पोराचे निळे हातमोजे.

त्यांनी त्याच दिवशी गळ्याला भोक पाडून नळी घातली. तीस तारखेची वाट बघायला गाठीला वेळ नव्हता. शस्त्रक्रिया ठरल्या दिवशीच होईल, पण नळी असताना बोलता येत नाही. हवा ओठांपर्यंत पोचतच नाही. मी जोर लावून पाहिला. नर्स म्हणाली, नका हो जोर लावू.

म्हणजे झालं. जे बोलायचं ते बोलून झालं.

डॉक्टरांना लिहून विचारलं, शनिवारच्या बोलण्यानं झालं का हे? ते म्हणाले, तसं नाही सांगता येत, सूज कधीही आली असती. शुशान पलंगाशीच उभी होती. ती नळीचा पट्टा नीट करत होती.

२९ ऑक्टोबर, बुधवार

बातमी पसरली. लोर्ना म्हणते, हजारोंनी लोक तो भाग पुन्हा बघतायत आणि बघतानाच्या चित्रफिती टाकतायत. ट्रकवाल्यानंही नवी टाकली. या वेळी तो पहिल्या दृश्यापासूनच रडतोय. मी इथे पडून त्याला सांगूही शकत नाही की अरे बाबा, मी आहे, जिवंत आहे.

शुशानला दाखवायला फोन पुढे केला. ती खुर्चीतच झोपली होती, हात पोटावर ठेवून. तिला अंथरूण तरी द्या म्हणून नर्सला सांगायचं होतं. पाटी पलीकडच्या टेबलावर होती. हात पोचला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आज पहिल्यांदा पेन धरवतंय. नाकात नळी, गळ्यात भोक. कशाचाच वास येत नाही. श्वास नाकातून जात नाही, मग वास कुठून येणार? हे मला आधी सुचलंच नव्हतं.

फोनमधल्या त्या यंत्रानं उत्तर दिलं: वाक्यं अपुरी, स्पष्टता अपुरी. तेव्हा मला त्यांच्याकडचा तयार आवाज मिळाला. मी ‘पाणी’ टाइप केलं की हवामान सांगणारा कुणीतरी तरुण ‘पाणी’ म्हणतो. अराक्सी पहिल्यांदा ऐकून हसली आणि लगेच तोंड धुवायला गेली.

गळ्यात झडप बसवून काही जणांना बोलता येतं म्हणे. माझं बरंच कापावं लागलं. पुढे बघू, म्हणाले डॉक्टर. ते ‘पुढे बघू’ म्हणताना डोळ्यांत बघत नाहीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

घरी आलो. स्टुडिओतून ब्रिन नावाची मुलगी भेटायला आली होती, शुशानपेक्षा लहान. लोकांचा हा उमाळा बघून ‘उशिराची फेरी’ पुन्हा सुरू करतायत. बर्बल असणार. माझ्या जुन्या फितींवरून त्यांनी आवाज तयार केलाय, त्या वेळच्या करारात तशी मुभा आहे. ती हे सांगताना ओशाळली होती. मग तिनं ऐकवला.

काय सांगू? खोट काढायला जागा नाही. मीही इतका चांगला नव्हतो. नवी वाक्यं, मी कधीच न म्हटलेली, आणि मीच म्हणतोय. तिनं सांगितलं की नमुना काही चाहत्यांना न सांगता ऐकवला, ते आनंदानं रडले.

मी पाटीवर लिहिलं: छान. दुसरं काय लिहिणार?

जाताना ती म्हणाली, घरच्यांसाठी काही म्हणवून घ्यायचं असेल तर सांगा, आम्ही आनंदानं करून देऊ. मला एकदम सुचलं. लिहिलं: शुशान, गाढवाची गोष्ट! याच्याकडून करून घेऊ. इंग्रजीत का होईना.

शुशाननं वाचलं. "नको, बाबा."

मी लिहिलं: फुकट देतायत.

"नको," ती म्हणाली आणि ब्रिनला दारापर्यंत सोडायला गेली. ही मुलगी मानी आहे, कुणाचे उपकार नको असतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सणाचा दिवस. टर्की अराक्सीनं केली. मला पातळ भोपळा, चमच्यानं, हळू. जावई सॅक्रामेंटोहून आला आहे.

जेवणानंतर शुशान आपण होऊन म्हणाली, चला, तो भाग बघू. अराक्सी आणि जावई भांडी घासत होते. आम्ही दोघंच सोफ्यावर. मी पडद्याकडे बघितलंच नाही. इतक्या लोकांचे चेहरे बघून माझा अंदाज पक्का झालाय, कुठे हसू येतं, कुठे गळा दाटतो. ती हसण्याच्या जागी हसली नाही. ‘हाच’ला मी वाट बघितली. तिचा चेहरा तसाच. फार लक्ष देऊन ऐकत होती, परकी भाषा ऐकावी तशी.

संपल्यावर मी लिहून विचारलं: कसं वाटलं?

"चांगलं आहे," ती म्हणाली. मग तिनं पडदा बंद केला. "लोक म्हणतात, आवाज ऐकला की घरी आल्यासारखं वाटतं. मला तो ओळखीचाच वाटत नाही. घरी तुम्ही बोलायचाच नाहीत ना. आई म्हणायची, बाबांचा गळा दमलाय, आवाज करू नका."

मी पेन उचललं. परत ठेवलं. तो धंद्याचा नियमच होता.

मग तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "माझी तारीख एप्रिलच्या शेवटी आहे. आत्याला माहीत आहे. तुम्हाला मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सांगणार होते, गोष्ट झाली की."

मी टाइप केलं. तो हवामानवाला तरुण म्हणाला, "अभिनंदन." पुढे आणखी काही टाइप करणार होतो, पण त्याच्या तोंडून नको वाटलं. मी फोन बंद केला. ती रडत होती की हसत होती ते मला नीट दिसलं नाही, माझेच डोळे भरले होते. आणि रडण्याचासुद्धा आवाज येत नाही आता.

७ डिसेंबर, रविवार

जावई गेला. शुशान उद्या जाईल, तिची रजा संपली. अराक्सी इथे राहायला येते आहे. लोर्नाचे निरोप येतात, मी हल्ली उघडत नाही. उघडले की उत्तर द्यावं लागतं.

फोनवर टाइप करायचा मला कंटाळा, म्हणून आम्ही ठरवलंय, टेबलावर एकदा ठोकलं की नाही, दोनदा ठोकलं की हो. तेवढ्यावर बरंच भागतं. लोक विचारतातच असं की हो-नाहीत उत्तर यावं.

संध्याकाळी ती मोरीशी उभी राहून कप धूत होती. पाठमोरी. आता पोट पाठीमागूनही कळतं, उभं राहण्यावरून. मला तिला हाक मारावीशी वाटली. काम काहीच नव्हतं. मी ओठ हलवले. नळ चालू होता, नसता तरी काय? पुन्हा हलवले. टेबल ठोकलं असतं तर तिनं लगेच वळून पाहिलं असतं, पण ठोकल्यावर अराक्सीही वळते, कुणीही वळतं.

नळ बंद करून ती आपणच वळली. मी तिच्याकडे बघतोय हे तिला दिसलं. हात पुसत जवळ आली. "काही हवंय का?"

मी सावकाश, नीट, ओठ पुरते उघडून तिचं नाव म्हटलं. इतकं स्पष्ट मी आयुष्यात कुठलं नाव म्हटलं नसेल. ती माझ्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघत होती.

"शाल?" ती म्हणाली. "थंडी वाजतेय का, बाबा?"

मी पुन्हा म्हटलं.

"शालच ना? आणते." ती आतल्या खोलीत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला. आजीची करड्या रंगाची शाल घेऊन आली, माझ्या खांद्यांवर पांघरली, गळ्याच्या भोकावर येऊ नये म्हणून पुढून दोन्ही टोकं जपून बाजूला सारली, आणि विचारलं, "आता बरं वाटतंय?"

मी टेबलावर दोनदा ठोकलं.